मेणाच्या भिंतीची वही

१४ मे, दुपारचे तीन

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं खुशालीचं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातली एक हवामानाची. तू नोकरी धरलीस त्या फरशांच्या दुकानात शब्दांचाही तुटवडा आहे की काय?

इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबा त्याहून जास्त कुरकुरतात. परवा समोरच्या बांधकामावर जाऊन तिथल्या गवंड्याला ओळंबा कसा धरायचा ते शिकवून आले. त्याने विचारलेलं नव्हतं. मला शिवणातून मान वर करायला फुरसत नाही, शाळा उघडायच्या आत दोनशे पांढरे सदरे द्यायचेत.

त्यात माझ्या खोलीत रोज दुपारी मैफल भरते. शेजारच्या काकू भाजी निवडायला इथेच येतात. टपालवाला पाणी मागतो आणि दोन पेले रिचवूनही उठत नाही. एक बाई शिवलेला झगा घेऊन गेल्या, काहीतरी आठवलं म्हणून कोपऱ्यावरून परत आल्या, काय आठवलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाहेर अडतीस अंश आणि माझ्या खोलीत अठ्ठावीस असल्यावर कोण उठेल?

हो, अठ्ठावीस. दोन वर्षांपूर्वी तू माझ्या खोलीला लावलेला मेणाचा गिलावा काम करतोय, दादा. अगदी तू म्हणाला होतास तसा.

किती हौसेने समजावलं होतंस मला! गिलाव्यात पिठासारखी पूड, तिच्या कणाकणात मेण. दिवसा खोली तापायला लागली की मेण ती उष्णता पिऊन वितळतं, आणि ते वितळत असेपर्यंत खोली फारशी तापत नाही. रात्री गार वारा लागला की पुन्हा घट्ट होतं, दुसऱ्या दिवशीच्या कामाला तयार. "फक्त रात्री खिडक्या उघड्या ठेव, टाचणे," म्हणालास, "आणि रोजच्या रोज वहीत लिही."

वही मी छान ठेवली. दुपारचं तापमान रोज खरं लिहिलं. शेजारी 'रात्री खिडक्या उघड्या?' असा रकाना तू आखला होतास. त्यात रोज 'हो' लिहिलं.

मध्येच उठून मशीनला तेल घालून आले. मशीनला तेल नको होतं.

दादा, मी खिडक्या उघडत नव्हते. पहिल्या रात्री उघडल्या, तर सकाळी सहा पांढऱ्या सदऱ्यांवर रस्त्याची धूळ. सहाही पुन्हा धुतले, आणि त्या संध्याकाळपासून खिडक्या बंद. भिंत ती भिंत, तिला वाऱ्याचं काय कौतुक, असं वाटलं मला. मेण एकदा वितळलं ते वितळलेलंच राहिलं. खोलीची भट्टी झाली. तू वही उघडलीस, तर पानोपानी 'हो'. माझ्या वहीवर विश्वास ठेवलास आणि स्वतःच्या मिश्रणावरचा काढून घेतलास.

मग तुझा गिलावा बघायला आलेल्या ठेकेदारासमोर बाबा म्हणाले, "मेण दिव्यात घालतात, भिंतीत नाही." सगळे हसले. मीही हसले. तेच मला अजून खातं. तिसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. दोष खिडक्यांचा आहे हे तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. पण ते 'हो' खोटे आहेत हे पक्कं ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

गेल्या महिन्यात वाऱ्याने खिडक्या आपटून तावदानं फुटली. काचवाल्याने "उद्या येतो" म्हणत नऊ दिवस काढले. मी कापड पेटीत भरून ठेवलं, आणि रात्रभर गार वारा आत येत राहिला. चौथ्या दुपारी तापमापक बघितला, तर अठ्ठावीस; वाटलं, हाही फुटला. दुसरा आणला. तोही तेच म्हणाला. मग मी कापायचं टेबल धरून खाली बसले आणि रडले, हसलेही, आणि काकू म्हणाल्या की मला ऊन लागलंय. काचा बसल्या, तरी तेव्हापासून रात्री खिडक्या उघड्याच ठेवते.

काल बाबांना सांगितलं. वही पुढे ठेवली.

"बाबा, यातले सगळे 'हो' खोटे आहेत."

"सगळे?"

"पहिला सोडून."

त्यांनी एकेक पान उलटलं. मग उठले आणि भिंतीला तळवा लावून उभे राहिले. चाळीस वर्षं भिंती उभारलेला माणूस, पण असा हात लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी चुकीच्या पोराला बोललो," ते म्हणाले.

"हो."

आता माझी धडगत नाही असं मला वाटलं. पण बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "त्याला लिही. माझ्या खोलीची भिंत मी खरवडून ठेवतो. थापी माझी. मिश्रण तो सांगेल तसं."

बाबा म्हणाले हे, दादा! ज्यांनी जन्मात दुसऱ्याच्या हातचं मिश्रण थापीवर घेतलं नाही ते! आज सकाळपासून खरोखरच खरवडतायत. मी लिहितेय आणि पलीकडून खर्र खर्र चाललंय. गुडघ्याचं नाव काढलं की म्हणतात, गुडघ्याने खरवडत नाहीये मी.

माझ्यामुळे तू दोन वर्षं स्वतःला बिनकामाचा समजत राहिलास. मला माफ कर, आणि नाही जमलं तर नको करूस. पण तुझी भिंत बरोबर होती हे तुला माझ्या अक्षरात मिळायला हवं, कारण खोटंही माझ्याच अक्षरात मिळालं होतं.

येऊन माझ्यावर पोटभर ओरड. फक्त लवकर ये, कारण बाबांनी अर्धी भिंत उघडी केली आहे आणि ती ते दुसऱ्या कोणाला भरू देणार नाहीत.

तुझी, दोन वर्षं गप्प बसलेली,
टाचणी