खिंडीचा अंदाज

मांडवी, रत्नागिरी
ता. १५ सप्टेंबर १९३५

चि. परशुराम यास,

कमलाअक्काचे अनेक आशीर्वाद. आबा आणि मी ठीक आहोत. तुझा खोकला गेला का, मुंबईच्या खोलीवर जेवणाचं कसं काय, ते लिही.

गणपती नीट पोचवले. आरतीला तुझी आठवण सगळ्यांनी काढली, तुळसाकाकीने जरा जास्तच. तिचा दादू तुझ्याच बोटीवर खलाशी, त्यामुळे तुझं पत्र आलं की ती आधी आमच्या दारात. आगबोट पुन्हा बंदराला लागू लागली. माझं शाळेत शिकवणं चालू आहे. आबांचे डोळे मात्र आणखी अधू झाले. वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते.

त्या वाचनाचं एक प्रकरणच झालंय. इटलीची आफ्रिकेतल्या हबसाणावर स्वारी होणार म्हणून रोज बातम्या येतात. आबांनी पेरीम बेटावर कोळशाच्या वखारीत उमेदीची वर्षं काढली, त्यामुळे बेटाभोवतीची बाबलमंदेबची सामुद्रधुनी त्यांना आपल्या अंगणासारखी. तिला ते नुसती 'खिंड' म्हणतात. इटलीच्या बोटी सुवेझकडून खाली उतरताहेत, इंग्रजांच्या बोटी एडनला जमताहेत, आणि दोघांच्या मध्ये ती खिंड. आबा माझ्याकडून मुंबईचे कांद्याबटाट्याचे भाव वाचून घेतात, कुठली टपालबोट उशिरा आली ते विचारतात. म्हणतात, लढाऊ बोट कितीही लपली तरी तिला तेल, पाणी नि भाजी लागतेच. श्रावणात त्यांनी सांगितलं की इंग्रजांच्या दोन मोठ्या मनवारी, म्हणजे लढाऊ बोटी, एडनला येणार. आल्या. तेव्हापासून मांडवीवरची माणसं संध्याकाळी आपल्या पडवीत बसतात. ज्यांची मुलं बोटींवर आहेत ती.

गेल्या आठवड्यात मुंबईहून रावजी म्हणून एक गृहस्थ आले. तुमच्या बोटीवर माल भरणाऱ्या पेढीचे ते दलाल. खिंड कधी धोक्याची होईल हे आबांनी सांगावं, एवढंच त्यांचं मागणं. आबांनी साफ नकार दिला. मग काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी स्वतः निरोप पाठवून त्यांना बोलावलं आणि दार लोटून घेतलं. काय बोलणं झालं ते तू विचारू नकोस, मीही लिहीत नाही.

परवापासून एक साध्या वेषातला पोलीस समोरच्या पारावर बसतो. मी शाळेत जाताना मान खाली घालून जाते. असेल काही दुसरं काम.

तुझी बोट घटस्थापनेच्या सुमारास सुटणार असं तू लिहिलं होतंस. अजून तेच नक्की आहे ना? परतीच्या टपालाने कळव. आबा रोज विचारतात.

तुझी,
अक्का


मांडवी, रत्नागिरी
ता. ६ ऑक्टोबर १९३५

चि. परशुराम,

आशीर्वाद. हे पत्र सुवेझच्या एजंटाच्या पत्त्यावर टाकते आहे. तुला मिळेल तेव्हा तू खिंड ओलांडलेली असशील. असावास.

तुझं मुंबईचं पत्र पोचलं. पेढीने अचानक बोट थांबवली, सगळ्या खलाशांना उतरवलं, दादू घाबरून गावी निघाला, आणि तू मात्र दोन दिवसांत पेट्रोलचे डबे नेणाऱ्या दुसऱ्या बोटीवर नाव घातलंस. 'घरी येऊन काय करू?' असं लिहिलंस. बोट का थांबली ते तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मागच्या पत्रात लिहायचं धाडस झालं नाही.

आबांचा खरा अंदाज असा होता की हबसाणातल्या डोंगरांतला पाऊस थांबला की दसऱ्याच्या आत लढाई पेटणार, आणि दोन्हीकडच्या मनवारी त्या खिंडीत समोरासमोर येणार. तुझी बोट त्याच आठवड्यात तिथे. पण अंदाजावर कोण बोट थांबवतो? म्हणून त्यांनी रावजींना छातीठोकपणे सांगितलं की खिंडीत सुरुंग पेरले आहेत, जुन्या माणसांकडून पक्की खबर आली आहे. कुठलीच खबर आली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आबा खोटं बोलले, आणि ते तुला बोटीवरून उतरवायला. तू उतरलासही. आणि त्याच खिंडीकडे निघालास, पेट्रोल घेऊन.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आबांनी 'पेट्रोल' एवढा शब्द परत वाचायला लावला.

त्याच दिवशी तुळसाकाकी नारळ घेऊन आली. दादू घरी पोचला होता, आणि रावजी आबांना भेटून गेल्यावरच बोट थांबली हे तिने ताडलं होतं. पडवीत उभी राहून म्हणाली, "आबांच्या बोलन्यानं माजा पोर घरी आला. देवमानूस." आबा उठले आणि चाचपडत मागीलदारी गेले. काकीला वाटलं, त्यांना बरं नाही.

मग फौजदारसाहेब आले. सुरुंगांची अफवा मुंबईच्या बाजारात पोचली होती, आणि ती रत्नागिरीहून निघाल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. खबर कुणाकडून मिळाली, एडनला कोण ओळखीचं, हबसाणात कोण, असं पुन्हा पुन्हा विचारलं. तुझी जुनी पत्रंसुद्धा चाळली. कुणाचं तरी नाव घेऊन आबांना सुटता आलं असतं. ते म्हणाले, "मला कुणी काही सांगितलं नाही. माझा मुलगा त्या बोटीवर होता."

फौजदारसाहेबांनी मग कागदपत्रं जागेवर ठेवली आणि बजावलं की पुन्हा समुद्राबद्दल तोंड उघडलंत तर मला तुम्हाला न्यावं लागेल. आता संध्याकाळी पडवीत कुणी येत नाही.

काल बातमी आली, लढाई सुरू झाली. आबांचा तेवढा अंदाज बरोबर निघाला. मी विचारलं, आता परशूची बोट कुठे असेल? ते म्हणाले, "मोजू नकोस." पण रात्रभर ते स्वतः बोटांवर काहीतरी मोजत होते.

त्यांनी सांगितलेलं लिहिते: खाली झोपू नकोस, वर उघड्यावर झोप. बूट घालून झोपू नकोस. पोहता येत असलं तरी तरंगायचा पट्टा अंगावर ठेव. हे पत्र मिळेपर्यंत या सांगण्याचा काही उपयोग उरणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळतं.

पत्र मिळताच एक ओळ लिही. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.

अक्का


मांडवी, रत्नागिरी
ता. २४ ऑक्टोबर १९३५

चि. परशू,

तुझं सुवेझचं कार्ड आज दुपारी आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि अक्षर पाहून मी तिथेच पायरीवर बसले. खिंडीतून रात्री गेलात, एका मनवारीने दिव्याचा झोत टाकून तुमची बोट न्याहाळली आणि जाऊ दिलं, बाकी काही झालं नाही, असं तू लिहितोस. म्हणजे समोरासमोर येणं, सुरुंग, आग, काहीच नव्हतं. आम्ही दोघं इथे रोज ते सगळं पाहत होतो.

आबांना कार्ड चारदा वाचून दाखवलं. तू शेवटी विचारलं आहेस की आबांनी अंदाज सांगावा, परत कुठल्या आठवड्यात निघणं बरं. परतीची वाटही त्याच खिंडीतून. सुवेझला टाकलेलं माझं पत्र तुला मिळालेलं नाही, हे त्यावरूनच कळलं. म्हणून बोट का थांबली, कुणामुळे तू त्या पेट्रोलच्या बोटीवर चढलास, ते याच पाकिटात पुन्हा वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. ते वाचल्यावर तुला राग आला तर तो आमच्यावर काढ, पण घरी येऊन काढ.

आबांना म्हटलं, उत्तर काय लिहू? ते म्हणाले, "लिही, मला कळत नाही. मला भीती वाटते." पुढे काय, विचारलं. ते म्हणाले, "एवढंच."

तेवढंच लिहिते आहे.

कमलाअक्का