मुंग्यांची बारा घरं

प्रिय दादा,

रविवारी मी न जेवता निघून आले. आई म्हणाली असेल, पोरगी शिकून शेफारली. म्हणू दे. नाशिकला द्वारका चौकात बसमधून उतरले, त्याला चार दिवस झाले, तरी राग उतरलेला नाही.

बारा घरं होती, दादा. आपल्या कांद्याच्या पट्टीतली मुंग्यांची बारा घरं मी एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी दीड वर्ष जपली. ओळखू यावीत म्हणून प्रत्येकापाशी काडीला पांढरी चिंधी बांधली. आणि तू चिंधी बघून बघून प्रत्येक घरात पावडर ओतलीस! वर हसत म्हणालास, "अगं, मला वाटलं तूच खुणा केल्या, इथं इथं टाकायची म्हणून. तुझे सर येणार, त्यांना चावल्या तर? लय चावतात त्या." अरे, सर त्यांनाच बघायला येणार होते!

दर पंधरा दिवसांनी मी चांदवडला येऊन जमिनीत लोखंडी कडं ठोकायचे, त्यात पाणी ओतायचे, तेव्हा तू बांधावरून ओरडायचास, "आली मुंग्यांची तहसीलदारीण!" घड्याळात काय बघतेस, हे एकदाही विचारलं नाहीस. आता ऐक. मुंग्यांच्या घरापाशी तांब्याभर पाणी चार मिनिटांत जिरायचं. तिथून तीन पावलांवर, ट्रॅक्टरच्या चाकाने दाबलेल्या मातीत, तेवढ्याच पाण्याला वीस मिनिटं लागायची. घरापाशी माती रवाळ, हाताला हलकी, कारण आत बोगदेच बोगदे. पलीकडे तव्यासारखी टणक. तिथेच पाणी तुंबून तुझा कांदा सडतो आणि तू बियाण्याला शिव्या देतोस. फुकट नांगरणाऱ्यांना मारलंस तू.

चिंध्यांचा अर्थ मी तुला सांगितला नव्हता, हेही खरं. तू हसशील म्हणून. त्याचा राग मात्र माझा मलाच येतो.

शेवटची सहा मोजमापं राहिली. सर म्हणतात, "पावसाने घरं वाहून गेली असं लिही, कोण बघायला येतंय?" मला ते जमणार नाही. मी शाळेत जायच्या आधी तूच मला ओट्यावर बसवून अंक शिकवलेस. चुकलं की खोडू द्यायचा नाहीस, वर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायला लावायचास. म्हणून प्रबंधात मी लिहिणार आहे: घरं माझ्या भावाने औषध टाकून मारली, कारण मी त्याला खुणांचा अर्थ सांगितला नव्हता. तोंडी परीक्षेत हे अनोळखी माणसांसमोर वाचलं जाईल. तुझी चूक तुला न विचारता मी चारचौघांत मांडणार नाही. नको म्हणालास, तर हा सगळा भाग काढीन आणि आणखी एक वर्ष नव्या घरांवर मोजत बसेन. महिनाअखेरपर्यंत कळव. फोनवर हसण्यावारी नेऊ नकोस. दोन ओळी लिही, आणि खाली सही कर.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
सृष्टी