मखमलच्या डोळ्यात सुरमा नको

अब्बा,

तुम्ही फजरच्या नमाजाला गेलतासा, म्हणून चिठ्ठी फ्रिजवर लावून ड्युटीवर निघाले.

मखमलचे डोळे कशानं लाल झाले ते कळलं. डॉक्टरांसमोर मी सगळं धुळीवर ढकललं, अन् काल पुसताना कापूस काळा आला. अब्बा, मांजराला कुणी सुरमा घालतं व्हय?

काल लई राग आलता. मग सुरमादाणी हातात घेतली अन् अम्मी आठवली. दर जुम्म्याला हनुवटी धरायची, "हलू नगंस" म्हणत सळई फिरवायची. तुम्हाला बी सोडायची न्हाय. तुम्ही लहान पोरागत डोळं मिटून बसायचासा अन् आम्ही हसायचो. ती गेल्यापास्नं सुरमादाणी कुणी उघडलीच न्हाय, असं मला वाटायचं.

तर दुपारी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवा अन् मखमलचा डोळा नाकाकडनं बाहेर पुसा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा कापूस घ्या. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब घाला, हिरव्या टोपणाची बाटली. तुमचे मोतीबिंदूचे थेंब तिला घालू नका. डोळा उघडेनाच झाली तर लगेच फोन करा.

सुरमादाणी लपवलेली न्हाय. अम्मी ठेवायची त्याच कोनाड्यात हाय. उद्या जुम्मा, मला सुट्टी हाय. घालायचाच असंल तर माझ्या डोळ्यात घाला.

मी हलणार न्हाय.

फरहीन