जांभ्याची दोण आणि मोरचूद

१२ जुलै १९३२
ह्यांनी रत्नागिरीहून मोरचूद आणलंय — निळंशार! पोफळींवर कोळेरोग पडलाय, सुपाऱ्या कोवळ्याच गळतायत. शेतकीचा माणूस म्हणे सांगून गेला — आधी मोरचूद पाण्यात विरघळवा, मग चुना घाला, झाडावर मारा. लोखंडाचं भांडं मात्र नको.
'तुझा तांब्याचा हंडा दे.'
देते हं! माहेरचा हंडा विषाला? शेवटी स्वारीने विहिरीला लागून असलेली गुरांना पाणी पाजायची दोण धरली. जांभ्या दगडाची. रात्रभर भिजत घातलंय.

१३ जुलै
दोण कोरडी! आमचा गडी सदू हसतोय. 'वयनी, जांबा पानी पितो, म्हायत नाय काय?' ह्यांना माहीत नव्हतं. जन्म कोकणात गेला तरी!
मग उरलेलं मोरचूद मडक्यात कालवलं. औषध मारून आले तेव्हा मिशा निळ्या. हातात फक्त मुरली द्यायची राहिली.

१४ जुलै
विहिरीतले मासे मेले. एकूण एक, पांढरी पोटं वर करून. दोणीतलं सगळं झिरपून विहिरीत गेलं, आणखी काय? पण हे ऐकतील तर ना! 'झाडाचं औषध माशांना काय करतंय?' म्हणत माझ्यादेखत त्याच विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायले. शूर!

१५ जुलै
शूरवीर सहा वेळा परसात धावले. ओकून ओकून बेजार. ताक पाजलं. जरा बरं वाटल्यावर पहिलं वाक्य — 'कुणाला बोलू नकोस.'
कुठल्या तोंडाने बोलू? हंडा मीच दिला नाही. विहिरीत घूस पडली, असं वाडीत सांगायचं ठरलं. सदूलाही बजावलंय. विहीर उपसायला घेतली.

२ ऑगस्ट
सुपारी गळायची थांबली! शेजारचे भागोजी विचारायला आले. हे ओटीवर बसून तासभर सांगत होते — चुना किती, मोरचूद किती. दोणीचं अवाक्षर नाही. मी दाराआडून दोनदा खोकले. ह्यांनी मलाच विचारलं, 'आल्याचा काढा घेतेस का?'

५ ऑगस्ट
भागोजींनीही आपल्या विहिरीलगतच्या जांभ्याच्या दोणीतच भिजवलं. त्यांची तीन वर्षांची गुणवंती सकाळपासून ओकतेय. आता डोळे उघडत नाही.
हे अनवाणी धावत गेले, मागून मी. ह्यांनी सगळं सांगून टाकलं — मासे, ओकाऱ्या, घूस. मी हंड्याचंही सांगितलं.
भागोजी ओरडले नाहीत. पोरीला मांडीवर घेऊन एवढंच म्हणाले, 'तुमाला म्हायत होतं?'