कुंकवाचे बावीस ठिपके

महाल, नागपूर
१६ मार्च १९७४

चि. सौ. जिजाबाईस मनकर्णाताईचे पोटभर आशीर्वाद. तिकडे खाप्यात सारे बरे असतीन, तुही कंबर अन् कन्हानचं पाणी दोन्ही जागेवर असन, अशी आशा करते.

पहिले मोठी बातमी. माहा उजवा हात वर गेला! तुह्या लेकीच्या, आपल्या पुष्पलताच्या लग्नात मांडे मीच करणार. तू मागच्या पत्रात लिवलं का, ताई, तुहा खांदा धरला, यंदा मांडे गोपिका करन. ते वाचून मी दोन दिवस जेवली नाही (तिसऱ्या दिवशी भरली वांगी होती). अवं, आपल्या घरच्या चार लग्नांत उपड्या मडक्यावर मांडे टाकले ते मी! अन् आता तुही नणंद टाकन, जिचा मांडा मडक्यावर जायच्या आधीच फाटते?

खांद्याचे हाल तुले माहीतच आहेत. दिवाळीपासून हात कानाच्या वर जात नव्हता. अंबाडा बांधाले तुह्या भाऊजीले बसवलं, तं त्यायनं बैलाच्या दाव्याले मारतेत तशी गाठ मारली. सोडाले शेजारच्या यमुताईले बोलवा लागलं. ओव्याचं तेल झालं, तापल्या विटेचा शेक झाला, एका वैदूनं बिब्बा लावला तं खांद्यासंगं पाठही गेली. मग दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई (वय पुष्पलताएवढं, आवाज सासूचा) म्हणे, वयानं खांद्याच्या आतल्या दोऱ्या झिजल्या, सुजल्या. हात गळ्यात बांधून बसान तं कायमचा धरन. वजन उचलू नका, पण रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवा. दुखलं का थांबा.

मी ओसरीतली भिंत धरली. बोटं पोचली तिथं रोज कुंकवाचा एक ठिपका (पेन्सिलीचा मले दिसत नाही). आता यमुताईनं फाटकातून काय पाहावं? मनकर्णाबाई सकाळीच भिंतीसमोर, हात वर, तोंडानं पुटपुट (मी आकडे मोजून राहिली होती) अन् मग कुंकू! नवव्या दिवशी मी आंघोळ करून येते तं ठिपक्यायच्या खाली नारळ, उदबत्ती अन् हात जोडून यमुताई. शुक्रवारी सात बाया आल्या. तुहे भाऊजी साखर वाटून राहिले, अन् मलेच म्हणतेत, आता देवीवर बोटं चालवशीन काय? माय वं! दोन दिवस व्यायाम बंद, खांदा पुन्हा कुरकुराले लागला. मग माही सटकली. म्हटलं, बायांनो, ही देवी नाही, माहा खांदा आहे! कोणी ऐकन तं शप्पथ. यमुताई म्हणे, 'देवी कोठी आपल्या तोंडानं सांगते?' तवा म्हटलं, बरं, तिचं म्हणणं असं का नुसते हात जोडू नका, भिंतीवर चढवा. आता रोज सकाळी साऱ्या जणी भिंतीले तोंड करून उभ्या राहतेत. यमुताईचाही खांदा धरलेला, तिचा हात पाच वर्षांनी आपल्या वेणीपर्यंत गेला. मले कौतुक वाटते अन् रागही येते, काहून का तिची बोटं माह्या वर जातेत.

पण काल! बाविसावा ठिपका कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर. अंबाडा माह्या हातानं बांधला, मडकं उपडं केलं अन् मांडा असा फिरवला का तुहे भाऊजी चष्मा पुसत बसले. गोपिकाले नमस्कार सांग, अन् म्हणावं, तिचं मडकं घरीच राहू दे.

तुही जिंकलेली ताई,
मनकर्णा

ता. क. बाविसावा ठिपका डाव्या हातानं लावला. यमुताई पाहून राहिली होती, काय करू? एकवीस मात्र खरे, तुही आण. अंबाडाही खरा.

ता. क. (घडीवर लिवते, कागद संपला.) मांडा एकच झाला. दुसऱ्याले खांदा ठणकला अन् मी थांबली. लग्नात तं दोनशे लागतीन. गोपिकाचे मांडे फाटत नाहीत, ते मी रागात लिवलं. तिले माह्या बाजूले बसव. लाटी मी हातावर घेईन, वाढवून मडक्यावर ती टाकन. पण हे तुह्या मनातलं म्हणून सांग, माहं नाव नको घेऊ. पहिला मांडा तेवढा मले टाकू दे, जिजा. तो पुष्पलताच्या पानात वाढजो.