दह्याच्या मागे ठेवलेले देव

आये, हे पत्र मी सांगते आहे आणि माझी सून लिहिते आहे. तुलाही वाचता येत नव्हतं आणि मलाही लिहिता येत नाही, तेव्हा आपल्या दोघींमधला पत्रव्यवहार हा असाच, तिसऱ्या बाईच्या हातून व्हायचा. तिला बजावलंय की मी बोलते तसंच उतरव, सुधारू नकोस. पण ती पुण्याची आहे, हाताला सवय आहे, तेव्हा एखादं वाक्य फारच चापूनचोपून नेसलेलं दिसलं तर ते तिचं समज आणि उरलेलं माझं. मघाशी मी या खोलीतून त्या खोलीत अशा येरझाऱ्या घालत होते तेव्हा तीच म्हणाली, आई, एका जागी बसा, काहीतरी सांगा, मी लिहून घेते. तिला वाटलं मी फणसाच्या भाजीचं सांगेन, कारण तिच्या ऑफिसच्या एका जुन्या डायरीत ती माझं सगळं मसालापुराण लिहून ठेवते. मी म्हटलं, भाजी नको, पत्र लिही. कोणाला, म्हणाली. माझ्या आईला. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की आता डॉक्टरकडे न्यायची वेळ आली की काय. पण पेन उघडलं. पोरगी चांगली आहे, हेही लिही म्हटलं तर लिहीत नाही. लिहिलं, बघ.

मी कतारला असते. तुझ्या वेळी गलबतं खजूर घेऊन यायची ना, त्याच बाजूला. मुलगा इथे इंजिनिअर आहे. ओल्ड एअरपोर्ट म्हणतात त्या भागात आमचं घर, चौथ्या मजल्यावर. तीनेक वर्षांनी इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा आहे, आणि त्यासाठी नुसती खणाखणी चालली आहे. आज ज्या रस्त्याने नातीची शाळेची बस गेली तो रस्ता उद्या असेलच असं नाही. माझा मुलगा एका स्टेडियमला गार हवा पुरवायच्या कामावर आहे. म्हणजे बाहेर वाळवंट आणि आत माणसं खुर्चीवर बसली की त्यांच्या पायाशी थंड वारा. मी त्याला म्हटलं, अरे, लोकांनी घरी बसून पंख्याखाली टीव्हीवर बघितलं तर चालणार नाही का. तर म्हणतो, आई, तू हे माझ्या बॉससमोर बोलू नकोस. त्या यंत्रांची कारखान्यात तपासणी करायला तो जर्मनीला गेला. थंडी विकत आणायला गेलेला माणूस आणि थंडीतच अडकला. हा विनोद मी गुरुवारपासून चार जणांना ऐकवला. हसलं कोणी नाही.

गुरुवारी यायचा होता तो. तिकडे इतका बर्फ पडला की विमानतळच बंद. त्याने खिडकीतून फोन धरून दाखवलं. मला वाटलं होतं बर्फ म्हणजे काहीतरी चमकदार असेल. तर तसं नाही गो. घर बंद करून परगावी जाताना आपण सामानावर जुनी चादर टाकतो ना, तसं कोणीतरी सगळ्या गावावर टाकून निघून गेलंय असं दिसत होतं. सून तेव्हापासून फोनमध्ये डोकं घालून बसली. मला अक्षर कळत नाही, रंग कळतात. तिच्या फोनवर त्याच्या विमानासमोर लाल आलं की नाही, हिरवं आलं की हो. गुरुवारी लाल, शुक्रवारी सकाळी हिरवं, दुपारी परत लाल. शुक्रवारभर तो विमानतळावर फरशीवर बसून होता. शनिवारी दुपारी तो, एक केरळचा आणि एक मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, असे तिघे भाड्याची गाडी करून निघाले, दुसऱ्या शहराचं विमानतळ चालू आहे म्हणून. संध्याकाळी त्याचा फोन आला की पुढे मागे सगळ्या गाड्या उभ्या आहेत, बर्फ पडतोच आहे, आणि फोनचं चार्जिंग संपत आलंय. त्यानंतर काही नाही. आज रविवारची दुपार आहे. इथे रविवार कामाचा, पण सुनेने रजा टाकली आहे. नात शाळेत गेली आहे. जाताना मला म्हणाली, आजी, चिल. मी म्हटलं, बाये, ते काम तुझा बाप करतोय.

आता तुला खरं सांगायचं ते सांगते. गुरुवारी पहिलं लाल आलं तेव्हा सुनेचे डोळे भरले आणि मी तिची टर उडवली. म्हटलं, विमान चुकलं म्हणून रडतात का, तो काय लढाईवर गेलाय? आमचे बाबा गलबतावर असायचे, आम्ही रडलो असतो तर खाडी भरली असती. असं बोलले, आणि संध्याकाळी ती नातीला आणायला खाली गेल्यावर देव्हाऱ्यातले देव उचलले, स्टीलच्या पातेल्यात ठेवले, वर पाणी ओतलं. देव पाण्यात ठेवले, आये. तो घरी येईपर्यंत. पण नुकती जिची टर उडवली तिला हे दिसू कसं द्यायचं? ओट्यावर ठेवलं तर दिसेल, कपाटात ठेवलं तर पाणी सांडेल. म्हणून फ्रीजमध्ये ठेवलं. अगदी वरच्या खणात, मागे, दह्याच्या पातेल्यामागे. खालच्या खणात अंडी होती, तिथे नाही पाठवलं, एवढं भान होतं. देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला. शुक्रवारी घरात मासे असतात, त्या दिवशी मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि मुगाची खिचडी टाकली. देव पाण्यात असताना घरात मासा शिजत नाही, हे तूच शिकवलेलं. नात दोन दिवस नूडल्स खाते आहे आणि माझ्या पोटाची चौकशी करते आहे.

तुझं ते घंगाळ आठवतं मला. मी आठ वर्षांची असेन. बाबा मंगळूरहून कौलं घेऊन निघालेले, पावसाळ्यासाठी दर्या बंद व्हायला आठ-दहा दिवस राहिलेले, आणि वारा सुटला. दोन दिवसांत येणारं गलबत चौथ्या दिवशीही नाही. तू रडली नाहीस. तू घंगाळात पाणी भरलंस, देव आत ठेवलेस आणि चुलीवर नुसती पेज चढवलीस. बंदरावर कोणी काही विचारलं की तू हसून सांगायचीस, येतील, त्यांना घाई कसली. घरात मात्र तू माजघरातून पडवीत आणि पडवीतून माजघरात चालत होतीस. आज मी चालत होते ना, अगदी तसंच. आम्हाला म्हणालीस, "माणसाचो पाय उंबऱ्यात पडल्याशिवाय देव सुके करूचे नाय." देव पाण्यात घालून चार दिवस झाले, पाचव्या दिवशी सकाळी तू घंगाळाजवळ गेलीस तर घंगाळ रिकामं. देव देव्हाऱ्यात, पुसून ओळीने बसवलेले. तुझा चेहरा कसा झाला ते मी दाराआडून बघते आहे. तू ओरडली नाहीस. तू काकीकडे वळलीस. काकी तेव्हा सतरा-अठराची, लग्न होऊन सहा महिने झालेले, हातातला चुडासुद्धा फिका पडला नव्हता. तू म्हणालीस, "माझ्या घोवाचा काय बरावाईट झाला तर तुझ्यामुळे." काकीने मान खाली घातली. मी केलं नाही, असंही ती म्हणाली नाही.

त्याच दिवशी दुपारी बाबा आले. कारवारच्या आडोशाला नांगर टाकून बसले होते. तू बांगडे तळलेस, सगळे हसले, आणि मला वाटलं झालं, मिटलं. पण तुझ्याकडे मिटत नसे. त्या दिवसापासून काकीने देवाला हात लावायचा नाही. गणपतीत सगळ्या बायका मोदक वळायच्या आणि काकी मागच्या पडवीत बसून नारळ सोलायची. नैवेद्याच्या ताटाजवळ आली तर तू नुसती बघायचीस. कितीतरी वर्षं, आये. माझं लग्न झालं तेव्हा तू माझ्या ओटीत अन्नपूर्णा घातलीस, तीसुद्धा काकीच्या हातून घेतली नाहीस, तिला बाजूला हो म्हणालीस. तीच अन्नपूर्णा आज माझ्या पातेल्यात आहे.

तर आज सकाळी मी पाणी बघायला फ्रीज उघडला आणि दह्याच्या मागे पातेलं नाही. सगळं शोधून बाल्कनीत गेले. इथे या दिवसांत ऊन गोड असतं. तिथे कपडे वाळवायच्या स्टँडखाली पातेलं ठेवलेलं, आणि सून शेजारी उकिडवी बसून भांड्याने कोमट पाणी घालत होती. तो फ्रीज मागच्या भिंतीला टेकलं की काकडीसुद्धा गोठवतो, मला माहीत होतं, पण त्या दिवशी डोकं ठिकाणावर कुठे होतं. काल संध्याकाळी दही काढायला गेली तेव्हा तिला सापडलं म्हणे.

"आई, देव गोठले होते," ती म्हणाली. "बाळकृष्णाचा हात तेवढा वर दिसत होता."

तिकडे लेक बर्फात आणि इकडे देवही बर्फात. आता कोणी कोणाला सोडवायचं? एरवी मी हे बोलून दाखवलं असतं. आज एवढंच म्हटलं की उन्हात ठेवलेस, सुकतील ना. ती म्हणाली, नाही सुकणार, रात्रभर माझ्या उशाशी होते, सारखं पाणी घालते आहे. मी म्हटलं, तू तर हे मानत नाहीस. "नाहीच मानत," ती म्हणाली, "पण तुम्ही ठेवलेत ना." एवढंच. फ्रीजमध्ये का, चोरून का, मला नावं ठेवून स्वतः का, काही विचारलं नाही. मी बाल्कनीतून आत आले आणि चालायला लागले. त्यानंतरच हे पत्र सुरू झालं.

इथे मध्ये लिहायचं थांबलं होतं. फोन वाजला. अनोळखी नंबर, सून घेणारच नव्हती, मी म्हटलं, घे गो, रंग हिरवा आहे. तोच होता. रस्त्यावर गाड्या अडकल्या तेव्हा जवळच्या गावातल्या लोकांनी सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये नेलं, घोंगड्या दिल्या, सूप दिलं. ते कसलं होतं विचारायचं नाही असं तिघांनी ठरवलं. रस्ता मोकळा झाला, दुसऱ्या विमानतळावर पोचलेत, केरळच्या मित्राच्या ओळखीच्या माणसाच्या फोनवरून बोलत होता. उद्या सकाळी दोहाला उतरेल. इन्शाल्ला म्हणाला, आता तोही तसंच म्हणतो. मला फोन दिला तेव्हा मी विचारलं, हवी तेवढी थंडी मिळाली का? तो हसला आणि म्हणाला, आई, जेवलीस का? मग मी जमिनीवरच बसले.

सुनेने डोळे पुसले आणि म्हणाली, आई, चला, काढूया देव बाहेर, खलास, गारठले असतील बिचारे. मी म्हटलं, नाही. उद्या त्याचा पाय या दारातून आत पडू दे. ती म्हणाली, एवढं कडक? मी म्हटलं, एकदा चुकलं आहे. तिने विचारलं, तुमच्या काकींचं? मी म्हटलं, बस, अजून लिही.

आये, काकीने देव काढले नव्हते. पहाटे मी काढले. माझा परकर ओला झाला होता, तो काकीने बघितला, स्वतःच्या पदराने माझे हात पुसले आणि तोंड उघडलं नाही, त्या दिवशी नाही आणि मरेपर्यंत नाही. तू गेलीस तेव्हा मी तुझ्या उशाशी होते, तेव्हा सांगता आलं असतं. काकी गेली तेव्हा मी इथे होते, कोणीतरी फोनवर सांगितलं, आणि मी तिच्यासाठी रडले ते सुनेला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. लोकांना सांगायला मी मनात एक कारण तयार ठेवलं होतं, की लहान होते, देवांना थंडी वाजेल असं वाटलं. सुंदर कारण आहे. सूनही आत्ता तेच खरं कारण समजून लिहायला निघाली होती, मी तिचा हात धरला.

थंडीबिंडी काही नाही. चार दिवस पेज पिऊन मला कंटाळा आला होता. देव जागेवर बसले की तू मासे करशील, असं मला वाटलं. मला बांगडा हवा होता, आये. आणि त्या दुपारी तू तळलास तो मी दोन वेळा मागून खाल्ला, काकी पडवीत असताना.