रिकाम्या चित्राचं वर्णन

सोमवार, ३ तारीख

ताई, इतक्या उशिरा लिहायला घेतोय, रागावू नकोस. नव्या गावी जाताना तू बजावलं होतंस, बाबा, रोज चार ओळी लिहा आणि पानाचा फोटो पाठवा, म्हणजे दोघांचाही जीव टांगणीला लागणार नाही. आठवडा उलटला तरी मी आपला पेनच शोधतोय. पण आज बातमी आहे. तू शब्द टाकलास आणि तुझ्या जुन्या ऑफिसात मी रुजू झालो! सातवी शिकलेला, जन्मभर गोदामात पेट्या चढवलेला तुझा बाप वेबसाइट तपासतोय. लेकीच्या जिवावर बाप नोकरीला, असं उलटं कुणी पाहिलंय का?

तुझीच खुर्ची दिलीय. काम सोपं. स्क्रीन बंद, माउस बाजूला, कानाला हेडफोन. टॅबचं बटण दाबत पुढे जायचं, मशीन पान वाचून दाखवतं. जिथे मी अडकेन तिथे आंधळा माणूस अडकणार. मोठ्या बाई म्हणाल्या, आजोबा, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल. स्तुती की टोमणा कोण जाणे. मी हसून घेतलं. गॅस बंद केला होता की नाही, तेवढंच दिवसभर मनात होतं.

बुधवार, ५

आज चुका पकडल्या. एका पानावर सगळ्या बटणांचं नाव नुसतं ‘इथे दाबा’. शेजारच्या दाढीवाल्याला म्हटलं, गोदामात सगळ्या पेट्यांवर ‘पेटी’ लिहिलं असतं तर साहेबाने मला हाकललं असतं. तो इतका हसला की बाईंनी मान वर केली. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं त्याला फार देखणी वाटतात. मोतीबिंदू झाला की विचारीन म्हटलं.

तो तुझी आठवण काढतो. सगळा कोड नव्याने कुणी लिहीत नाही म्हणे. तयार तुकडे जपून ठेवलेले असतात, उचलायचे आणि चिकटवायचे. त्यातला एक तुझा. डोळ्यांना न दिसणारा मजकूर आणि चित्रांची वर्णनं वाचणाऱ्या मशीनपर्यंत पोचवणारा. या ऑफिसच्या प्रत्येक वेबसाइटवर तो आहे आणि त्या तुकड्याच्या माथ्यावर तुझं नाव. ऊर भरून आला.

शुक्रवार, ७

चित्र असलं की त्याचं वर्णन शब्दांत द्यायचं. नुसती सजावट असेल तर वर्णन रिकामं ठेवायचं, मशीन ते ओलांडून जातं. आज दवाखान्याच्या पानावर ते थांबलं. म्हणालं, चित्र. म्हातारा माणूस खुर्चीवर. तपकिरी स्वेटर, दुसरं बटण तुटलेलं.

हात छातीवर गेला. दुसरं बटण खरंच नव्हतं.

दाढीवाल्याने कोड उघडून पाहिला. चित्र कोरं, वर्णन रिकामं. जेवणानंतर डुलकी लागली असेल म्हणाला. असेलही. सकाळी तर बटण लावल्याचं आठवतंय मला.

सोमवार, १०

पुन्हा तेच. म्हातारा माणूस. मागे दार उघडं. वळून पाहिलं तर खरंच उघडं. उठून लावलं. दुसरी वेबसाइट घेतली, ती ग्रंथालयाची. तिथे म्हणालं, दारात कोणीतरी उभं.

कोणी नव्हतं, ताई. मी नीट पाहिलं.

तुला फोन केला. तू हसलीस. तो तुकडा मी लिहिलाच नाही हो बाबा, कुठूनतरी उचलला, चालला, म्हणून वर नाव टाकलं, सगळेच टाकतात. काढायचा का विचारलं तर म्हणालीस, जे चालतंय त्याला हात लावू नये.

मंगळवार, ११

दाढीवाल्याने गंमत म्हणून माझा हेडफोन कानाला लावला. हसत होता. मग हसू गेलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत राहिला. त्याने तो तुकडा काढून पाहिला, तर सगळी पानं विस्कटली. बाईंनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं. तुकडा परत ठेवला आणि तो घरी गेला. डबा इथेच राहिला. काय ऐकलंस विचारलं तर एवढंच म्हणाला, आजोबा, त्या खुर्चीत बसू नका.

बुधवार, १२

आज हेडफोन टेबलावरच ठेवला. तरी बारीक आवाज येत होता. वाकून ऐकलं.

चित्र. स्त्री, खिडकीपाशी. केस ओले. हातात पिवळा टॉवेल. मागे दार उघडं.

पिवळा टॉवेल मीच तुझ्या बॅगेत घातला होता.

तुला फोन लावला. मशीन म्हणालं, टेबलावर फोन वाजतोय. स्त्री उचलत नाही. दारात कोणीतरी —

हेडफोन कानाला लावला. लगेच म्हणालं, म्हातारा माणूस, तपकिरी स्वेटर, मागे कोणीतरी उभं. जीव भांड्यात पडला. ते माझ्या मागे आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला, ताई! मी ऐकतोय तोवर ते इथे आहे. तुझ्याकडे नाही.

गुरुवार, १३

घरी गेलो नाही. बाई म्हणाल्या, हट्टी आहात हो. राहू देत.

आता खांद्याशी आहे म्हणतंय. मी वळत नाही.

माथ्यावरचं तुझं नाव काढ. सगळीकडून. तो तुकडाही काढ, पानं मोडली तर मोडू देत. फोटो पाठवतोय, तू बघत का नाहीस —

दुपार. म्हातारा माणूस लिहितोय. मागून हात पुढे येतोय.

कुणीतरी कानावरचा हेडफोन उचलतंय. बाई असतील. बाई, नका — पण बाई तर समोर बसल्यात, फोनवर बोलताहेत — मग हा हात

मी धरून ठेवलाय. दोन्ही — एका हाताने लिहितोय. ताई, लवकर कळव. नुसतं ‘काढलं’ एवढं तरी कळ